चौदा नंबरचा खिळा

नोव्हा लिपा, टेक्सास
३ जून २०२४

प्रिय आल्विनकाका,

नाताळचं कार्ड सोडून तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा घाबरू नका. घरात सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी "मी व्लास्ता, एडमंडची मुलगी" असं चार वेळा ओरडले आणि तुम्ही "आम्हाला गालिचे नकोत" म्हणून फोन ठेवून दिलात.

काम असं आहे. बाबा एकवीस सप्टेंबरला नव्वद वर्षांचे होतायत. चर्चच्या हॉलमध्ये सत्तर माणसं बोलवायची आहेत. मी म्हटलं, सॉसेज करू, कोंबडी करू. बाबा म्हणाले, "ब्रिस्केट नसेल तर मी एकोणनव्वदवरच थांबतो." तेही विकतचं नको. अंगणातल्या भट्टीत, ओकच्या धुरावर, घरचंच पाहिजे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय की एक्क्याण्णवाव्याची तयारी आत्तापासून करत बसू नका. म्हणजे जे काही करायचं ते या सप्टेंबरलाच.

काल दुकानात गेले. एक अख्खं ब्रिस्केट उचललं, किंमत वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. एका तुकड्याला ब्याऐंशी डॉलर. आत कुणाचा दागिना राहिलाय का, असं मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं. तो हसला नाही. दिवसभर सगळ्याच बायका त्याला हेच विचारत असणार. सत्तर माणसांना असले पाच तुकडे लागतील. मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली, त्या पेन्शनमध्ये बाबांची औषधं बसवायची की गाईची छाती?

आमचे लीरॉय म्हणतात, "उगाच त्रास, टर्की कर." त्यांच्याशी लग्न करून चौतीस वर्षं झाली, पण असं बोलणं त्यांनी आजवर केलं नव्हतं.

तुम्ही अमारिल्लोच्या मांस कारखान्यात चाळीस वर्षं ब्रिस्केटच कापलीत, असं आई सांगायची. स्वस्तात कुठे, कधी, कसं मिळतं, एवढं सांगा. आणि वाढदिवसाला या. बाबा तुमचं नाव काढत नाहीत, पण तुमचं कार्ड आलं की ते खिडकीजवळ नेऊन वाचतात.

तुमची,
व्लास्ता

---

अमारिल्लो
१२ जून

प्रिय व्लास्ता,

गालिचेवाली तू होतीस हे कळून वाईट वाटलं. तो माणूस रोज फोन करतो.

ब्याऐंशी डॉलर वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पाणी प्यायलो. आमच्या काळी ब्रिस्केट म्हणजे ज्याचं नशीब फुटकं त्याच्या वाट्याला आलेला चिवट तुकडा. आता शहरातली पोरं त्यासाठी रांगा लावतात, फोटो काढतात. असो. कान देऊन ऐक. माझे गेलेत, तुझे आहेत.

चार जुलैच्या आधी अजिबात घेऊ नकोस. सणासाठी दुकानदार ढीग मागवतो, उरलेला ढीग नंतरच्या मंगळवारी अर्ध्या किमतीचं चिकट लेबल लावून बसतो. सकाळी दुकान उघडताना जा. साफ केलेलं घेऊ नकोस, चरबीसकट अख्खं घे. वरच्या दर्जाच्या शिक्क्याला भुलू नकोस. तुकडा मधोमध हातावर धर. दोन्ही बाजू ओल्या टॉवेलसारख्या खाली लोंबल्या तर घे, फळीसारखा ताठ राहिला तर दुकानदाराला परत दे आणि त्याच्या आईची खुशाली विचार.

सगळ्यात स्वस्त मार्ग मात्र जुनाच आहे. शेजारीपाजारी मिळून एक जनावर घ्या आणि मांसाची भिशी लावा. तुझ्या पिढीला ती माहीत नसेल. घरोघरी फ्रीझर नव्हते, एका घराला अख्खं जनावर संपायचं नाही. म्हणून आमची अठरा घरं. दर शनिवारी पहाटे एक घर एक गोऱ्हा द्यायचं. चर्चमागच्या शेडमध्ये तो कापायचा आणि भिंतीवरच्या अठरा खिळ्यांवर अठरा वाटे टांगायचे. प्रत्येक खिळ्यावर पत्र्याचा नंबर, प्रत्येक घराचा नंबर ठरलेला. या आठवड्याला तुला मान, पुढच्याला फासळ्या, असं फिरत फिरत सगळ्यांना सगळं मिळायचं. जनावराला ब्रिस्केट दोनच, त्यामुळे ते नऊ आठवड्यांनी एकदा वाट्याला यायचं. आपला खिळा पाच नंबरचा.

वाढदिवसाला मी येणार नाही. का, ते तुला कुणीच सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मीच सांगतो. छप्पन्न सालचा उन्हाळा, दुष्काळाचं सहावं वर्ष. त्या शनिवारी गोऱ्हा आपल्या घरचा होता. वाटे टांगून माणसं चर्चमध्ये गेली, शेड धुवायला मी मागे थांबलो. मी एकोणीस वर्षांचा. मग लोक आपापले वाटे न्यायला आले तेव्हा चौदा नंबरचा खिळा रिकामा. चौदा नंबर मिसेस ओर्साकचा. नवरा वारलेला, चार पोरं, आणि त्या आठवड्याला ब्रिस्केट तिचं. मी दोनदा विहिरीवर पाण्याला गेलो होतो, तेवढ्यातच कुणीतरी नेलं असणार. एडमंड बाहेर पिकअपमध्ये माझी वाट बघत बसला होता, पण त्यालाही कुणी दिसलं नाही.

शेड माझ्या ताब्यात होती, त्यामुळे चोर मीच ठरलो. वडील म्हणाले, विधवेच्या तोंडचा घास काढणारा मुलगा मला नाही. कबूल करशील त्या दिवशी घरी ये. जे केलं नाही ते मी काय कबूल करणार? दोन दिवसांनी बसमध्ये बसलो. वडील जाऊन पन्नास वर्षं झाली तरी ते वाक्य अजून त्या दारात उभं आहे.

सगळ्या गावात एकट्या एडमंडने मला धीर दिला. बसपर्यंत सोडायला आला, माझा हात धरून म्हणाला, "मला माहीत आहे, तू नाही घेतलंस." आणि स्वतःची कातडं सोलायची सुरी मला दिली. ती सुरी दाखवूनच मला कारखान्यात काम मिळालं. व्लास्ता, माणसाला आयुष्यात एकाचा विश्वास पुरतो. मी अडुसष्ट वर्षं त्या एका वाक्यावर काढली. त्याने माझ्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत याचा मला राग नाही. त्याला लिहायचा पहिल्यापासून कंटाळा.

एक विचारू? फेल्करसारख्या नाक वर करून चालणाऱ्या जर्मन माणसाने आपली हिल्डा, म्हणजे तुझी आई, आमच्या एडमंडला दिलीच कशी? मी निघालो तेव्हा तो म्हातारा त्याला फाटकातसुद्धा उभा करत नव्हता.

तुझा,
आल्विनकाका

---

नोव्हा लिपा
१० जुलै

प्रिय काका,

आधी चोरीबद्दल. मी तुमचं पत्र उभ्यानेच वाचत होते, मग खुर्ची शोधून बसले. आम्हाला लहानपणापासून सांगितलंय की आल्विनकाकाला मोठ्या पगाराची हाव होती म्हणून तो उत्तरेला गेला. मी तुम्हाला हावरट समजत मोठी झाले याची मला लाज वाटते. बाबांना मी फक्त ब्रिस्केटच्या युक्त्यांचा भाग वाचून दाखवला. भिशीचा उल्लेख आला तसे ते उठले, बागेत गेले आणि टोमॅटोंना पाणी घालत बसले. सकाळीच घातलं होतं. जुन्या आठवणींनी गहिवरले असणार.

आता माझा पराक्रम ऐका. लीरॉयच्या चुलतभावाने एक जनावर रास्त भावात द्यायचं कबूल केलं. आम्ही चार घरांनी मिळून घेतलं. कापून आल्यावर हिशेब लागला की चारही घरं फक्त ब्रिस्केटसाठीच आली होती. जनावराला ब्रिस्केट दोनच, हे तुम्ही पत्रात लिहिलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. शेजारची बर्नीस म्हणाली, "एवढ्या मोठ्या जनावराला एवढीशी छाती?" जणू मीच खाल्ली मधे. तिने आणि लीरॉयच्या चुलतभावाने एकमेकांचे आजोबा काढले. शेवटी मी सगळ्यांना चर्चमागच्या शेडमध्ये नेलं. ती अजून उभी आहे, काका. आता तिथे खुर्च्या ठेवतात. खिळे आहेत, पत्र्याचे नंबरही आहेत. चिठ्ठ्या टाकल्या आणि चार वाटे चार खिळ्यांवर टांगले. एक ब्रिस्केट मला, एक बर्नीसला. आमच्याच वाट्यात जीभही आली, ती लीरॉयला. त्यांच्याकडे आधीच एक जास्तीची आहे, असं बर्नीस म्हणाली.

काल तुमच्या मंगळवारीही गेले. दार उघडायच्या आधी माझ्यासारख्या अकरा बायका बाहेर उभ्या होत्या, म्हणजे तुम्ही हे गुपित आणखी कुणाकुणाला सांगितलंय. अर्ध्या किमतीत तीन मिळाली, तिन्ही ओल्या टॉवेलसारखी. घरचं धरून चार. पाचव्याची कसर सॉसेज भरून काढेल. तुमच्यामुळे बाबांची नव्वदी होतेय.

आणि आईची गोष्ट तुम्हाला माहीत नाही? अहो, ती आमच्या घरची सगळ्यात लाडकी गोष्ट. दर चार जुलैला बाबांना सांगावी लागते. आजोबा फेल्कर म्हणाले होते, "तुम्ही चेक पोरं नाचता छान, पण तुमच्यात धीर नाही. चांगला तुकडा कुणीही भाजेल. मला ब्रिस्केट करून आण. सुरी न लावता तुटलं, तर मुलीचं बोलू. सेंट अँथनीच्या जत्रेपर्यंत मुदत, नंतर तिला सॅन अँटोनियोच्या मावशीकडे पाठवतोय." दुष्काळात कुणाच्या घरी जास्तीचं हाडूक नव्हतं, आणि हे पठ्ठे जत्रेच्या रविवारी आठ मैलांवर अख्खं ब्रिस्केट घेऊन हजर. फेल्करांच्याच कुरणात खड्डा खणून शनिवार दुपारपासून भाजलेलं. आजोबांनी बोटाने दाबलं, ते तुटलं. त्यांनी हिल्डाच्या शेजारची खुर्ची मागे ओढली.

इथे दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "पण दुष्काळात ब्रिस्केट आणलंस कुठून?" बाबा टोपी काढून म्हणतात, "सेंट अँथनीने दिलं. हरवलेल्या वस्तू त्याच्याकडेच असतात." मग सगळे हसतात. सत्तावन्नला लग्न झालं. आई चार वर्षांपूर्वी जाईपर्यंत या वाक्याला हसायची.

ही गोष्ट ऐकायला तरी या. हॉलमध्ये ते ती सांगणारच आहेत.

तुमची,
व्लास्ता

---

नोव्हा लिपा
५ ऑगस्ट

प्रिय काका,

तीन आठवडे तुमचं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? मी काही वावगं लिहिलं का? चोरीची गोष्ट मी गावात कुणाला सांगितलेली नाही, तो विचार मनात आणू नका.

शुक्रवारी बाबांच्या नावाने तुमचं पार्सल आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी, बाकी चिठ्ठी नाही, काही नाही. पातं झिजून अर्धं झालेलं, मुठीवर ई. के. कोरलेलं. मला वाटलं वाढदिवसाची भेट लवकर पाठवलीत. मी म्हटलं, "बघा, तुमची सुरी काकांनी अजून जपून ठेवलीय." बाबांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. मी डॉक्टरांना फोन करायला धावले. त्यांनी करू दिला नाही.

तेव्हापासून ते धड जेवत नाहीत. सुरी टेबलावर आहे. ते तिच्याकडे बघत बसतात. काय झालंय ते मला कळवा.

व्लास्ता

---

अमारिल्लो
१२ ऑगस्ट

व्लास्ता,

तुला दुखवायचं नव्हतं म्हणून लिहीत नव्हतो. पण तू विचारलंस, आणि आपल्या घरात न सांगितलेलं आधीच पुष्कळ झालंय.

तुझं पत्र मी हसत वाचत होतो. बर्नीसच्या त्या वाक्याला मोठ्याने हसलो. मग जत्रेच्या रविवारपाशी आलो. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. पोरी, चौदा नंबरचा खिळा रिकामा झाला तो शनिवार जत्रेचा आदला दिवस होता. मला तो विसरता येणार नाही, कारण रविवारी सगळं गाव जत्रेला गेलं आणि मला घरात कोंडून ठेवलं होतं. आई सेंट अँथनीपुढे मेणबत्ती लावून बसली होती, ब्रिस्केट सापडावं म्हणून. एडमंड शनिवार दुपारपासून घरी नव्हता. मला वाटलं, तो माझ्यासाठी दारोदार फिरून लोकांना समजावतोय.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती, कारण ती मला महत्त्वाची वाटलीच नव्हती. विहिरीवर दुसऱ्यांदा मी आपणहून गेलो नाही. एडमंड पिकअपमधून म्हणाला, "कोपऱ्यात रक्त राहिलंय. अजून दोन बादल्या आण, मी आहे इथे."

पण ब्रिस्केटचं मला एवढं काही नाही. तरणाबांड पोरगा, पोरीच्या पायी वेडा झालेला. मीही असतो तर कदाचित घेतलं असतं. मला सहन होत नाही ते बसपाशी बोललेलं वाक्य. "मला माहीत आहे, तू नाही घेतलंस." मी त्याला विश्वास समजलो. रूबीशी लग्न करताना तिला सांगितलं, मुलीला सांगितलं, कारखान्यात कुणी अंगावर आलं की मनात म्हणायचो, माझा भाऊ मला ओळखतो. त्याने ओळखायचा प्रश्नच नव्हता. त्याला माहीतच होतं.

म्हणून सुरी परत पाठवली. तिच्यावर मी चाळीस वर्षं पोट भरलं आणि आता ती घरात नको झालीय.

त्याला काही विचारू नकोस. नव्वदीचा आहे. पार्टी कर. ब्रिस्केट भट्टीत ठेवताना चरबीची बाजू आगीकडे कर.

आल्विन

---

नोव्हा लिपा
२२ ऑगस्ट

प्रिय काका,

मी विचारलं. तुम्ही नको म्हणालात तरी विचारलं. तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी बाबांना नुसतं ताट वाढत होते, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "हे खोटं आहे एवढंच म्हणा, मी फाडून टाकते."

त्यांनी ते वाचलं. शेवटी म्हणाले, "चरबीची बाजू आगीकडे, हे बरोबर लिहिलंय त्याने."

मी ओरडले, काका. नव्वदीच्या माणसावर ओरडले. मग ते बोलायला लागले. ब्रिस्केट पिकअपच्या सीटखाली होतं. तुम्ही बादल्या घेऊन आलात तेव्हा ते त्यावरच बसले होते. आपला वाटा परत ब्रिस्केटचा यायला सात आठवडे होते आणि आईला चार दिवसांत पाठवणार होते. त्या दिवशीच्या दोनातलं दुसरं घेतलं असतं, पण शेवटच्या रांगेतला चौदा नंबरच दाराजवळ होता.

"मी सोमवारी सांगणारच होतो," ते म्हणाले.

"मग?"

"सोमवारी तो बसमध्ये बसला."

"मग?"

"मग मंगळवार आला."

मी पुढे विचारायचं थांबले. प्रत्येक मंगळवारनंतर बुधवार आला असणार, आणि असे अडुसष्ट वर्षांचे.

आईला माहीत होतं का, हेही विचारलं. नव्हतं. ती त्या गोष्टीला खरंच हसायची. मग त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढायला लावला. तुमची सगळी पत्रं त्यात आहेत, उघडलेली, घड्या झिजलेली. प्रत्येकात तुम्ही त्यांचे आभार मानलेत. ते म्हणाले, "तो शिव्या देत असता तर मी उत्तर दिलं असतं. तो आभार मानायचा. त्याला काय लिहू?"

काका, मी हादरून गेलेय. मी, माझे दोन भाऊ, आमची पोरं, आम्ही सगळे त्या एका तुकड्यावर उभे आहोत. बाबांच्या जागी तुम्ही गेलात म्हणून आम्ही झालो. फ्रीझर उघडला की ती चार ब्रिस्केट दिसतात आणि मी झाकण पुन्हा लावून टाकते. पार्टी रद्द करते म्हटलं. बाबा म्हणाले, "रद्द करू नकोस. ओर्साकांकडच्यांना बोलाव. कोण राहिलंय त्यांच्यात?"

त्यांच्यातली थोरली लिडिया आहे, गावातच असते. तेव्हा आठ वर्षांची होती. मी आमंत्रण देऊन आले. का ते सांगितलं नाही. मलाही नक्की माहीत नाही.

तुमची,
व्लास्ता

---

नोव्हा लिपा
२४ सप्टेंबर

प्रिय काका,

पार्टी झाली. जसं घडलं तसं सांगते.

शनिवारी हॉल भरला. ब्रिस्केट चौदा तास धुरावर होतं. लीरॉयनी भट्टी सांभाळली आणि टर्कीचं नावही काढलं नाही. वाढायच्या आधी नेहमीप्रमाणे पोरांनी टेबलं बडवली, "गोष्ट, गोष्ट." बाबा जेवण तुटल्यापासून व्हीलचेअरवर आहेत, त्यांना उठवून उभं केलं. मी एका बाजूने धरलं होतं.

त्यांनी गोष्ट सांगितली, अगदी नेहमीसारखी. फेल्कर आजोबांच्या नाकाची नक्कल केली, नाचणारी चेक पोरं आली, लोक हसायच्या जागी हसले. आजोबांनी बोटाने दाबलं, ते तुटलं, खुर्ची मागे ओढली. आणि बर्नीसने ठरल्याप्रमाणे ओरडून विचारलं, "पण दुष्काळात ब्रिस्केट आणलंस कुठून?" अर्धा हॉल सेंट अँथनीचं नाव घ्यायला तयारच होता.

बाबांनी टोपी काढली. म्हणाले, "मिसेस ओर्साकच्या खिळ्यावरून. चौदा नंबर. मी चोरलं. माझ्या भावाला मी पाण्याला पाठवलं आणि चोरलं. चोर म्हणून त्याला हाकललं तेव्हा मी त्याला बसपर्यंत सोडून आलो."

दोनतीन जण हसले, सवयीने. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. माझा धाकटा भाऊ ताट खाली ठेवून बाहेर निघून गेला.

लिडिया ओर्साक उठली. शहात्तर वर्षांची, काठी टेकत पुढे आली. मला वाटलं ती बाबांच्या तोंडात मारणार, आणि मी मधे पडणार नव्हते. ती म्हणाली, "माझी आई मरेपर्यंत रोज आल्विनसाठी प्रार्थना करायची. चोराला क्षमा मिळावी म्हणून. चाळीस वर्षं, एडमंड, चुकीच्या पत्त्यावर."

बाबा म्हणाले, "हो."

"त्या शनिवारी आम्ही घेवडा खाल्ला."

"हो."

तिने ताट पुढे केलं. "दोन तुकडे दे. एक आईचा." बाबांनी तुमची सुरी काढली आणि कापायला लागले. सुरी सारखी घसरत होती, म्हणून मी धरायला गेले, तर लिडिया म्हणाली, "त्यालाच कापू दे." सत्तर माणसं उभी राहून बघत होती. दोन तुकडे कापायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

नंतर सगळे जेवले, कारण आपण जेवणारी माणसं. पण बाबांशी फार कुणी बोललं नाही. त्यांनीही कुणाकडून अपेक्षा केली नाही. माझ्याही मनातून अजून सगळं गेलेलं नाही, आणि जायला हवं असंही मला वाटत नाही. जाताना मात्र लोक माझ्यापाशी येऊन तुमचा पत्ता विचारत होते. मी अकरा जणांना दिला. पत्रं येतील.

सोबत बाबांनी लिहिलेलं आहे. त्याला तीन दिवस लागले.

व्लास्ता

*आल्विन,*

*मला माहीत आहे तू नाही घेतलंस, असं मी म्हणालो होतो. ते खरं होतं, म्हणून खोट्यापेक्षा वाईट होतं. आता गावालाही माहीत आहे. वडिलांच्या थडग्यापाशी व्हीलचेअर न्यायला लावली आणि त्यांनाही सांगितलं. कबूल करणारा मुलगा घरी येऊ शकतो असं ते म्हणाले होते. कबूल मी केलं. घरी तू ये.*

*सुरी ठेवून घेतली आहे. धार लावली आहे. मला आता पातळ कापता येत नाही.*

*एडमंड*

---

अमारिल्लो
१ ऑक्टोबर

प्रिय व्लास्ता,

एडमंडचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते चुलीवर धरलं होतं. मग खाली ठेवलं. त्याच्या अक्षराचं हे मला आलेलं पहिलंच पत्र, आणि मला त्याचं अक्षर कसं असतं तेही आठवत नव्हतं.

नोव्हा लिपाहून सात पत्रं आली आहेत. त्यातली चार माणसं मला आठवतही नाहीत. एकाने लिहिलंय, "आम्हाला पहिल्यापासून शंका होती." त्याला मी उत्तर देणार नाही.

मी त्याला माफ केलंय का, हे मला विचारू नकोस. अजून बघितलं नाही. बघितल्यावर कळेल. पण तो नव्वदीचा आहे, मी सत्त्याऐंशीचा, आणि आता कुणाला मंगळवारची वाट बघायला सवड नाही.

मुलगी विमानाने जा म्हणते. मी बसने गेलो होतो, बसनेच येणार. सतरा तारखेला गुरुवारी दुपारी तीन वाजता हायवेच्या पंपापाशी उतरेन. पिकअप घेऊन ये. एडमंडला बरोबर आण, आणि त्याला सीटवरून उठवून आधी खाली बघ.

एक ब्रिस्केट राखलं असशील तर शुक्रवारी भट्टीत ठेवू. नसेल तर मंगळवारी उरलेलं बघ, सण नसताना अकरा बायका येत नाहीत. मी पोचेपर्यंत त्याच्यावर नजर ठेव. आणि तुला कुणी पाणी आणायला पाठवलं, तर जाऊ नकोस.

तुझा,
आल्विनकाका